सहवादक पाहिजेत

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार. रात्री

आज संध्याकाळी सव्वासहाला, ग्रामपंचायतीच्या रेडिओसमोर, माझं आयुष्य बदललं.

घडलं ते असं. ग्रामसेवक तंबाखू मळण्यात गुंतले होते म्हणून रेडिओचा कान मीच पिळला. बाजारभाव गेले, खरखर गेली आणि एकदम सतार लागली. तेवढ्यात हेडमास्तरांची सत्यभामा वाचनालयाचं पुस्तक बदलायला चालली होती. ती थांबली. म्हणाली, असंच राहू द्या.

‘द्या’ म्हणाली. ‘दे’ नाही. म्हणताना रेडिओकडं बघत होती हे खरं, पण मुलींना लाज असते.

सोलापूरचं कॉलेज मी इंटरला का सोडलं, याचा उलगडा आज झाला. इतके दिवस मला वाटत होतं की तर्कशास्त्राच्या प्रोफेसरांशी भांडण झालं म्हणून. ते म्हणाले, दहा मिनिटं बाहेर उभे राहा. मी सरळ जळकोटला आलो. त्याला आठ महिने झाले. पण ते भांडण नव्हतं. मला संगीतात जायचं होतं.

निश्चय : वाद्यवृंद काढायचा. पहाटे पाचला उठून रियाज. कुणावरही चिडायचं नाही.

१३ नोव्हेंबर

पाचला उठायचं राहिलं. साडेआठला अप्पांना बातमी दिली. अप्पा दुकानात गुळाची ढेप फोडत होते. म्हणालो, मी वाद्यवृंद काढतोय. म्हणाले, काढ, पण आधी ही ढेप आत ठेव.

मी चिडलो नाही. फक्त ढेप जरा आपटली.

मग अप्पांनी आपला निकाल दिला. शाळेचं गॅदरिंग एकोणीस डिसेंबरला आहे. तोपर्यंत काय वाजवायचं ते वाजव. गावानं चांगलं म्हटलं तर बघू. न्हाई तर दुसऱ्या दिवसापासनं गल्ल्यावर सुम्मं बसायचं, तोंड उघडायचं न्हाई. आतून अव्वा म्हणाली, पोरगं कायतरी करतो म्हणतंय तर करू द्या की. आईच ती, अव्वाला कलेची जाण आहे.

एकोणीस डिसेंबर. सत्यभामा पहिल्या रांगेत असणार. मी पेटीवर असणार. एकदा तिनं ऐकलं की पुढचं काही सांगावं लागणार नाही.

१५ नोव्हेंबर

वाचनालयाच्या दारावर जाहिरात लावली. मजकुरावर दोन दिवस खर्ची पडले, पण उतरलाय असा :

‘नवयुग वाद्यवृंदासाठी सहवादक पाहिजेत. संस्थापक श्री. सिद्धेश्वर यांच्यावर झालेले संगीत-संस्कार : पाश्चात्त्य सिंफनी. कर्नाटकी परंपरा. अभिजात हिंदुस्थानी गायकी (दीड वर्ष, अखंड). सूफी कव्वाली. अर्जदारांनी आपापले संस्कार लिहून आणावेत. सामान्य अभिरुचीच्या लोकांनी तसदी घेऊ नये.’

उद्या कुणी खोलात जाऊन विचारलं तर अडखळायला नको, म्हणून तपशील इथं टिपून ठेवतो.

सिंफनी : रूममेटच्या मावसभावाकडं ग्रामोफोन होता. रेकॉर्डची एकच बाजू लावली, ती अर्ध्यात स्प्रिंग उतरून थांबली. उरलेली मी मनात पूर्ण केली. म्हणजे अर्धी सिंफनी माझीच.

कर्नाटकी : अव्वा दळताना कन्नडमध्ये गुणगुणते. मला अर्थ लागत नाही, त्यावरून ते शास्त्रीय असावं.

हिंदुस्थानी : माझ्या खोलीला लागून गायनाचा क्लास होता. भिंतीपलीकडं मुली दीड वर्ष एकच भूप शिकत होत्या. त्या विसरल्याही असतील.

कव्वाली : नळदुर्गचा उरूस. गर्दीमुळं भज्यांच्या गाड्यापाशी उभं राहून ऐकली. कढईचा आवाज वजा केला तर संस्कार पक्का.

मला स्वतःला पेटी येते. एक चाल पूर्ण येते. काळ्या पट्ट्यांना मी हात लावत नाही. साधेपणा ही माझी शैली आहे.

२० नोव्हेंबर

अजून एकही अर्ज नाही. जाहिरातीचा खालचा कोपरा शेळीनं खाल्ला. ‘तसदी घेऊ’ एवढंच उरलंय, ‘नये’ गेलं.

सत्यभामा आज जाहिरातीसमोर उभी राहिली. वाचली. पदर तोंडाला लावला. भावना अनावर झाल्या असणार.

२३ नोव्हेंबर

दोन अर्जदार आले. शेळीचे उपकार म्हणायचे.

पहिला रसूल. शिंपीकाम करतो आणि चुलत्यांच्या, म्हणजे दादामियाँच्या, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. मी विचारलं, तुमच्यावर कुणाचा प्रभाव? म्हणाला, सिद्धूभाई, ज्याच्या लग्नात वाजवतो त्याच्या सासऱ्याचा. सासरा दिलदार असला तर सूर लांबतो, कंजूष असला तर वरात लौकर दारात. मी म्हटलं, घराणं कोणतं? म्हणाला, पोरीवाल्यांचं.

दुसरा बलभीम. ढोलकी. त्यालाही प्रभाव विचारला. बराच वेळ विचार करून म्हणाला, आमच्या म्हशीचा. ती वाजवल्याबिगर पान्हा सोडत न्हाय. ल्हानपणापासून बादलीवर वाजवत आलोय. चुकलो की लाथ घालती, म्हणून ताल पक्का झाला बगा.

लेखी काहीच आणलं नव्हतं. मी दोघांना नामंजूर केलं. मग बाहेर डोकावलो. तिसरं कुणी नव्हतं. दोघांना मंजूर केलं.

२७ नोव्हेंबर

अडचण. माझ्याकडं पेटी नाही.

गावात पेटी एकच, मारुतीच्या देवळात, भजनी मंडळाची. शाळेच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलाय. मंडळाचे म्होरके लिंबाजीबुवा. त्यांच्याकडं गेलो, संस्कारांची ओळख करून दिली. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, सिंफनी म्हंजी कोण गावची रं? पेटी न्ये, पर दत्तजयंतीच्या सप्त्यात एक पहारा धर.

पहारा म्हणजे असा : सात दिवस, सात रात्री नामस्मरण चालतं, ते तुटू द्यायचं नाही. एकानं वीणा गळ्यात घालून दोन तास उभं राहायचं, नाम घ्यायचं. पुढचा आला की त्याच्या गळ्यात द्यायची, एकमेकांच्या पाया पडायचं, मग सुटका. पुढचा आल्याशिवाय बसायचं नाही, आणि वीणा भुईला टेकवायची तर नाहीच नाही.

मी लगेच हो म्हटलं. उभं राहायला काय विद्या लागते? कॉलेजात मी बेंचवर तीन-तीन तास उभा राहिलोय.

संस्कारांत ‘भक्तिसंगीत’ वाढवलं.

२ डिसेंबर

प्रॅक्टिस अप्पांच्या गोदामात, भुईमुगाच्या पोत्यांमध्ये. मी स्वतः एक रचना केली आहे : ‘विरहिणी’. पेटी संथपणे दुःख सांगते, क्लॅरोनेट दुरून दाद देतं, ढोलकी जवळजवळ गप्प असते.

बलभीम गप्प बसेना. म्हणाला, हात आखडतो बगा. रसूल डोळे मिटून दाद देता देता वरातीच्या चालीवर गेला. मी थांबवलं. म्हणाला, माफ करा सिद्धूभाई, तुमची बाई लई वेळ रडायली, मला वाटलं तिला सासरी न्ह्यावं.

चिडलो. बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो तर दोघं मजेत वाजवत होते आणि रस्त्यावरच्या ट्रकचा क्लीनर दारात उभा राहून डुलत होता. सामान्य अभिरुची ती हीच.

९ डिसेंबर

हेडमास्तरांना भेटलो. स्वागतगीत आणि बक्षीस समारंभ यांच्यामधली पंधरा मिनिटं मिळाली. स्वागतगीतालाही आमचीच पेटी वापरू म्हणाले. मी उदार मनानं परवानगी दिली.

सत्यभामा चहा घेऊन आली. कप माझ्यापुढं ठेवला. हेडमास्तरांच्या कपाच्या बशीत चहा सांडला होता, माझ्या बशीत नव्हता. नोंद घेतली.

१४ डिसेंबर

वाद्यवृंदाची शिस्त ठरवली. कार्यक्रम पाचला. सहवादकांनी चारला शाळेत हजर. कोणतीही सबब चालणार नाही. आकाश कोसळलं तरी जागा सोडायची नाही.

बलभीम म्हणाला, एकोणीसला चार ते सहा माझा पहारा हाय की देवळात. माझा पहारा त्याच दिवशी दोन ते चार. म्हटलं, तू काळजी करू नकोस, तुझ्या पहाऱ्याचं मी बघतो. लिंबाजीबुवांना सांगून बदलून घेऊ. संस्थापकाला सगळीकडं लक्ष द्यावं लागतं.

१८ डिसेंबर, सोमवार

गोव्यात आपलं सैन्य शिरलं. सकाळपासून रेडिओभोवती माणसं. मला पाच मिनिटं सतार ऐकायची होती, प्रेरणेसाठी. कान पिळायला हात पुढं केला तर चौघांनी धरला. देशप्रेम मलाही आहे, पण उद्या माझा कार्यक्रम आहे याचं गावाला काही वाटतं की नाही?

रसूलनं माझ्यासाठी बंद गळ्याचा कोट शिवलाय. काखेत घट्ट आहे. पेटी वाजवताना कोपर उचलायचं नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार. सकाळी

आंघोळ. दाढी दोनदा. रसूल पेटी सायकलवर घालून शाळेत घेऊन गेला. काहीतरी करायचं राहिलंय असं सारखं वाटतंय. कलावंताची हुरहुर. आज सत्यभामा ऐकणार. अप्पाही ऐकणार.

त्याच दिवशी. रात्री

क्रमानं लिहितो.

दोनला वीणा गळ्यात घेतली. कोट अंगातच, म्हणजे चारला सुटलो की थेट शाळा. देवळात टाळकरी होते, चार-पाच म्हाताऱ्या होत्या. नाम सुरू. तीन वाजता बाहेर आरडाओरडा झाला. कुणीतरी ओरडत गेलं की पणजीवर तिरंगा लागला, हेडमास्तर शाळेत साखर वाटायलेत. टाळकरी माझ्याकडं बघून म्हणाले, चालू द्या, आलोच. म्हाताऱ्या गेल्या. राहिल्या एकट्या धुरपदाबाई, कारण त्यांना गुडघ्यामुळं उठवत नाही.

चार वाजले. बलभीम नाही.

सव्वाचारला आठवलं. त्याच्या पहाऱ्याचं मी बघणार होतो.

धुरपदाबाईंना म्हटलं, आजी, एवढी वीणा धरता का, मी पळत जाऊन माणूस आणतो. म्हणाल्या, माजा हात कापतोय बाबा, पडली म्हंजी? मी म्हटलं, मग क्षणभर पाटावर ठेवतो, पाट म्हणजे काही भुई नव्हे. त्या म्हणाल्या, ठिव की. म्या काय बोलणार. सहा दिस, सहा रात्री गावानं धरली, लेकरांनी बी झोपंतनं उठून धरली, आन् शिवप्पा वाण्याच्या पोरानं टेकवली म्हनून सांगीन ईचारलं तर.

मला हे पटत नाही. मी कॉलेजात गेलेला माणूस आहे. पण अंग वाकलं नाही. कोटही घट्ट होता.

मधेच चिडून गप्प झालो, तर धुरपदाबाईंनी एक डोळा उघडला. थांबलास का रं? मी पुन्हा सुरू केलं.

पाच वाजले. शाळा देवळापासून दूर नाही, वारा तिकडूनच. मुलींचं स्वागतगीत ऐकू आलं. मग टाळ्या. मग थोडा वेळ शांतता. ती माझी शांतता होती, तिथं माझी वाट बघत होते. मी जोरात हाक मारली, बलभीम. धुरपदाबाई म्हणाल्या, द्येवाचं नाव घ्ये, बलभीम बी चालतंय, मारुतीचंच हाय.

आणि मग क्लॅरोनेट लागलं. रसूलचं. वरातीची चाल. ढोलकी, म्हशीनं शिकवलेली, हात अजिबात न आखडलेली. आणि पेटी. माझी पेटी. काळ्या पट्ट्यांसकट.

पंधरा मिनिटं दिली होती, पाऊण तास वाजत होते. गाव ओरडत होतं. पुन्हा, पुन्हा. मी इथं वीणा गळ्यात घालून, पायाला मुंग्या, हरी हरी म्हणतोय.

सहाला लिंबाजीबुवा आले. मला बघून दारातच थांबले. म्हणाले, चार तास? एकटा? पोरा, तुला नावं ठिवत हुतो मी. वीणा घेतली आणि माझ्या पाया पडले. पायांना बधिरपणामुळं ते समजलं नाही.

शाळेत पोचलो तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते. बलभीमची गचांडी धरली. तो अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, धाकटं सावकार, तुमीच म्हनला, तुज्या पहाऱ्याचं मी बघतो. बघितला की. त्यात तुमची शिस्त, आकाश कोसळलं तरी जागा सोडायची न्हाय.

पेटी कुणी वाजवली विचारलं. रसूल म्हणाला, सत्यभामाताईंनी. लातूरला शिकल्यात. स्वागतगीताला बसल्या होत्या, तुमचा पत्ता नव्हता, मास्तर म्हणाले, आज गोवा आलाय, उठू नको.

२० डिसेंबर

रात्रभर विचार केला. उजाडता उजाडता सगळा अर्थ लागला.

माझी जागा रिकामी दिसली आणि ती तिच्यानं बघवली नाही. ती स्वतः तिथं बसली. माझ्याच पेटीवर बोटं ठेवली. याहून स्पष्ट आणखी काय असतं?

अप्पांचंही मत बदललंय. गावात माझंच नाव आहे. हजामतीच्या दुकानापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत सगळे म्हणतायत, शिवप्पाच्या पोरानं चार तास वीणा धरली. अप्पा म्हणाले, मला वाटायचं ह्याला एका जागी उभं ऱ्हायला यायचंच न्हाई. मग दुकान जमतंय की.

काल बक्षीस समारंभाला आलेल्या तुळजापूरच्या तहसीलदारांनी येत्या प्रजासत्ताक दिनासाठी वाद्यवृंदाला बोलावलं, म्हणून अप्पांनी सव्वीस जानेवारीपर्यंत मुदत वाढवली. सकाळी गल्ला, संध्याकाळी कला. तात्पुरती तडजोड.

२९ डिसेंबर

प्रॅक्टिस सुरू. सत्यभामा येते. हेडमास्तर सोबत येतात, पोत्यावर बसून पेपर तपासतात. आम्ही दोघं एका छताखाली. फक्त पेटी तिच्यापुढं असते. मी मागायची की तिनं द्यायची, हा नाजूक प्रश्न आहे. मी घाई करणार नाही.

माझं काम सध्या वरवर पाहता लहान, पण मुळाशी आहे : कुलूप उघडणं, कंदील लावणं, चहा सांगणं. कंडक्टर वाजवत नसतोच.

५ जानेवारी १९६२

‘विरहिणी’ काढली. म्हणजे कार्यक्रमातून काढून टाकली. रसूल म्हणाला, तुळजापूरला रडायची बाई न्ह्यायला नक्को सिद्धूभाई, तहसीलदार घाबरतात. सगळे हसले. सत्यभामाही हसली, पण आतून नाही.

नावही बदललं. नवयुग वाद्यवृंदाचं ‘जळकोट पार्टी’ झालं. मला विचारलं नाही. मी चहा सांगायला गेलो होतो.

९ जानेवारी

निश्चय : उद्या बोलायचं. मी संस्थापक आहे. एकतर पेटी माझ्याकडं आणि कार्यक्रमात ‘विरहिणी’, नाहीतर मी या वाद्यवृंदात नाही. सरळ, स्वच्छ शब्दांत. ती माझ्या बाजूनं बोलेल, तिला फक्त संधी हवी आहे. भाषण आरशासमोर तीनदा म्हटलं. न चिडता.

१० जानेवारी, बुधवार

कोट घालून गेलो. चाल संपेपर्यंत थांबलो, मग मधोमध उभा राहिलो आणि भाषण केलं. सगळं म्हटलं. सिंफनीसुद्धा म्हटली. शेवटी म्हणालो, ठरवा. एकतर तसं, नाहीतर मी नाही.

बलभीम ढोलकीची दोरी ओढत होता. रसूल क्लॅरोनेटमधली थुंकी झटकत होता. हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा पेपरात गेले.

मग सत्यभामा बोलली. माझ्याकडं बघून, अगदी मोकळेपणानं, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. म्हणाली, तुम्ही काय वाजवता?

रसूल थुंकी नसलेलं क्लॅरोनेट पुन्हा झटकायला लागला.

ती ओशाळली. म्हणाली, माझी चूक झाली. मला वाटायचं, जाहिरात यांनी लावली, गोदाम यांचं आहे, म्हणून बसतात. रोज किती मनापासून चहा सांगतात. रसूलकडं वळून हळूच म्हणाली, तुम्ही सांगितलं नाहीत कधी.

रसूल म्हणाला, निघालंच नाही बोलणं.

मला खूप उत्तरं आली. सोलापूर आलं, भिंतीपलीकडचा भूप आला. ती वाट बघत होती, बोटं पट्ट्यांवर तशीच. मी म्हटलं, काही नाही.

ती म्हणाली, बसा ना मग, ऐका.

किल्ली पोत्यावर ठेवली आणि दाराकडं निघालो. मागं बलभीमनं थाप दिली, रसूलनं सूर लावला. उंबऱ्यात पाय घातला तसा सूर थांबला. मी थांबलो. रसूल म्हणाला, सिद्धूभाई, जाताना दार ओढून घ्या, गार हवेनं ढोलकी उतरते.

बाहेर आलो. दार ओढून घेतलं.